कंदिलाचा भाव

क्लाक्सविकच्या लिलावघरात पहाटे चारला
हॉनुस कॉडचे कल्ले उचलून बघतो,
पोटावर बोट दाबतो, पाटीवर आकडा लिहितो.
तीस वर्षं झाली. त्याच्या आकड्याशी कुणी हुज्जत घालत नाही.
वारा ईशान्येचा असला की बोटी येत नाहीत
आणि हॅडकसुद्धा भाव खातो.
यात न कळण्यासारखं काही नाही.

रात्री तो दुसऱ्या बाजारात बसतो.
तिथे वारा नसतो, रविवार असतो:
संध्याकाळी टोळ्या ड्रॅगनच्या दारात जमतात,
लाल काढ्याची कुपी चाळीसवरून नव्वदला जाते
आणि सोमवारी तोंडावर पडते.
बुधवारी कुठलंतरी गवत एकाएकी सोनं होतं,
कारण कुणीतरी नियमातली एक ओळ बदललेली असते.

भाव कोण ठरवतं, त्याने सुरुवातीला मुलीला विचारलं होतं.
"कुणी नाही," मार्युन म्हणाली,
चौदा वर्षांची, पाय खुर्चीवर.
"ज्याला विकायची सगळ्यात जास्त घाई, तो."

तेव्हापासून तो घाई ओळखायला शिकला.
एकाने लोखंड पन्नासला लावलं,
दुसऱ्याने एकोणपन्नासला, तिसऱ्याने अठ्ठेचाळीसला,
रुमालाखाली बोटं नाहीत, दलाल नाही,
'तुमचं नको, माझं नको' नाही,
नुसती यादी, आणि यादीत वर राहायची हाव.
पहाटेपर्यंत लोखंड मातीमोल.
मग कुणीतरी सगळं एका घासात उचलतो
आणि साठला लावतो.

मार्युन आर्हुसला शिकायला गेली.
जाताना एक भांडण झालं,
त्याचं कारण आता दोघांनाही धड सांगता येणार नाही.
तिने नंबर बदलला. खेळात चौदा महिने आली नाही.
त्याच्या पेटीत तिने केलेला पहिला कंदील उरला,
पितळी, उजेड जेमतेम दोन पावलांचा.
खाली बारीक अक्षरांत: घडवणारी, मार्युन.

त्याने तो बाजारात लावला.
विकायला नव्हे. किंमत म्हणून घरच्या फोनचा नंबर टाकला;
इथे तो सहाच आकडी असतो.
चार लाख आणि वर बरंच काही, शेवटी एकोणीस.
कुणी शहाणा हात लावणार नाही.
अठ्ठेचाळीस तासांनी कंदील परत येई,
अनामत बुडे,
तो पुन्हा लावे.

नोव्हेंबरात, बोटी धक्क्याला बांधून पडलेल्या असताना,
टपालपेटीत नाणी आली.
बाजाराचा कट वजा करून, चोख.
घेणाऱ्याचं नाव बाजार सांगत नाही.

तो फोनजवळ बसून राहिला. कॉफीवर साय धरली.
ती असेल.
किंवा कुणी सौदेबाज, ज्याला वाटलं
इतका महाग आहे म्हणजे काहीतरी असणार.
किंवा कुणाचं बोट चुकलं.
तिन्हींची रक्कम सारखीच आली असती.

सकाळी यादीत अकरा कंदील.
शेवटी अठरा. शेवटी सतरा. सोळा.
कालपर्यंत कुणाकुणाच्या पेटीच्या तळाशी पडलेले,
परक्या नावांनी घडवलेले.
एकदाच एक विकला गेला
आणि जगाला कंदिलाचा भाव कळला.
हॉनुसला हसू आलं: अठरा म्हणजे खालच्या वळणावरची शिंपीण,
सतरा म्हणजे बंद पडलेलं गॅरेज,
सोळाला तो लहानपणी चुकून फोन करायचा
आणि एक म्हातारा न रागावता म्हणायचा, पुन्हा फिरव, बाळ.

संध्याकाळपर्यंत कंदील एक लाखाच्या खाली आले.
दुसऱ्या दिवशी पहाटे त्याने एका कॉडचे कल्ले
जरा जास्तच वेळ उघडे धरले.
आकडा लिहिला. पुसला.
"काय झालं?" एल्स्पाने विचारलं.
"काही नाही," तो म्हणाला, "ताजा आहे,"
आणि पुन्हा तोच आकडा लिहिला.